व्यसनी माणसाला घर देणारी डॉक्टर: अनिता अवचट यांची गोष्ट

आपल्याकडे कुणी वेड्यासारखं वागायला लागलं की लोक चेष्टेत म्हणतात, ह्याला येरवड्याला धाडा. येरवडा म्हणजे एक तर वेड्यांचं इस्पितळ नाहीतर जेल, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं. पण त्याच येरवड्यात, मनोरुग्णालयाच्या आवारात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी एक वेगळं दार उघडलं. घरच्यांनी आशा सोडलेली, गावाने ओवाळून टाकलेली, दारू आणि गर्दच्या पायी होत्याचं नव्हतं झालेली माणसं त्या दारातून आत गेली आणि त्यातली कितीतरी स्वतःच्या पायावर चालत घरी परत गेली. त्या जागेचं नाव मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. आणि ते उभं करणाऱ्या बाई म्हणजे डॉ. अनिता अवचट.

त्यांना जाऊन आता पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला. पुण्या-मुंबईकडे त्यांचं नाव अजून आदराने घेतलं जातं. आपल्या तालुक्यात मात्र मुक्तांगण ऐकलेली माणसं बरीच, पण ते कुणी सुरू केलं हे विचारलं तर फार थोडी सांगतील. म्हणून आज त्यांच्याविषयी.

नोकरी तिची, लेखणी त्याची

माहेरचं नाव सुनंदा सोहोनी. लग्नानंतर कागदोपत्री अनिता अवचट झाल्या, पण जवळच्या माणसांसाठी सुनंदाच राहिल्या. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकताना अनिल अवचट यांच्याशी ओळख झाली, पुढे लग्न झालं. अनिल अवचट हे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. ते शिकून डॉक्टर झाले खरे, पण त्यांचा जीव दवाखान्यात रमला नाही. हमाल, भटके, कष्टकरी, दुष्काळातली माणसं यांच्यात जाऊन राहायचं, त्यांचं जगणं समजून घ्यायचं आणि लिहायचं, हा त्यांचा मार्ग ठरला. लेखणीवर घर चालत नाही हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

मग घर कसं चाललं? सुनंदाबाईंनी सरकारी नोकरी धरली. त्यांच्या पगारावर घर चालायचं. दोन मुलींचं करण्यात अनिलरावांचा मोठा वाटा असायचा. आज अशी वाटणी शहरात कुठे कुठे दिसते. पण ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची आहे. बायको कमावते आणि नवरा पोरींची वेणीफणी करतो, हे आपल्या गावात अजूनही पचायला जड. त्या दोघांनी ते ठरवून केलं आणि त्याचा बाऊ केला नाही.

सुनंदाबाई मनोविकारतज्ज्ञ झाल्या आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करू लागल्या. हे देशातल्या मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. नातेवाईक आणून सोडतात आणि मग फिरकत नाहीत, अशी कितीतरी माणसं अशा इस्पितळांत असतात. आजार बरा होतो, पण घर परत घेत नाही. घरानं टाकलेला माणूस कसा मोडतो, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. पुढे मुक्तांगणात हेच कामी आलं.

गर्द आली आणि घरं बसली

१९८० नंतरच्या काळात मुंबई-पुण्यात एक नवीन नशा पसरली. ब्राऊन शुगर. मातकट रंगाची भुकटी, म्हणून तिला नाव पडलं गर्द. ही हेरॉइनचीच भेसळयुक्त जात. पन्नीवर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा, नाहीतर सिगारेटीत भरायची. कॉलेजची पोरं, गिरणी कामगारांची पोरं, रिक्षावाले, बड्या घरची मुलं, कुणीच सुटलं नाही. दारूची सवय लागून माणूस बुडायला वर्षं जातात. गर्दला थोडे दिवस पुरतात.

एकदा सवय लागली की पुडी मिळाली नाही तर शरीर उलटं फिरतं. हाडं ठणकतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, उलट्या, जुलाब, रात्र रात्र झोप नाही. याला त्या पोरांच्या भाषेत टर्की म्हणतात. टर्कीच्या भीतीने पोरगा आईचं मंगळसूत्र विकतो, बहिणीच्या लग्नाची भांडी विकतो, शेवटी रस्त्यावर येतो. देशात अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा १९८५ साली झाला तो याच काळात. कायद्याने विकणारा धरायची सोय झाली. पण जो आधीच अडकलाय त्याने जायचं कुठे, याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

अनिल अवचट यांनी या विषयाचा माग काढला. गर्दुल्ल्या पोरांना भेटले, त्यांच्या आईबापांना भेटले, आणि लेख लिहिले. पुढे गर्द याच नावाने त्याचं पुस्तक झालं. ते लेख महाराष्ट्रभर वाचले गेले. वाचणाऱ्यांत पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हे जोडपंही होतं. वाचून दोघं अस्वस्थ झाले. नुसतं हळहळून ते थांबले नाहीत. अशा मुलांसाठी काही उभं करणार असाल तर एक लाख रुपये देतो, असा निरोप त्यांनी अवचटांना दिला. १९८६ चे एक लाख रुपये म्हणजे किती, हे ज्यांनी त्या काळात जमिनीचे व्यवहार बघितलेत त्यांना सांगायला नको.

आता पैसे आले, पण करणार कोण? लेख लिहिणारा माणूस व्यसनी पोरांवर औषधोपचार करू शकत नाही. ते काम सुनंदाबाईंनी अंगावर घेतलं. मनोरुग्णालयाच्या आवारातच जागा मिळाली आणि केंद्र सुरू झालं. सरकारची जागा, लेखकाचा पैसा आणि एका सरकारी डॉक्टरणीची हिंमत, या तीन गोष्टींवर मुक्तांगण उभं राहिलं.

शरीर आठवड्यात सुटतं, माणूस नाही

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण त्यांचं सगळं काम याच गोष्टीवर उभं आहे.

गर्दची टर्की साधारण आठ-दहा दिवसांत ओसरते. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. हे जिवावर बेतू शकतं, म्हणून तेवढे दिवस डॉक्टरच्या नजरेखाली काढावे लागतात. आपल्याकडे दारू सोडवायची म्हणून माणसाला खोलीत नाहीतर गोठ्यात कोंडतात, दाव्याने बांधतात. असं कृपा करून कुणी करू नका. त्यात माणूस दगावू शकतो.

तर शरीरातलं विष आठवडा-दहा दिवसांत निघून जातं. त्या काळी बहुतेक ठिकाणी उपचार तिथेच संपायचा. इस्पितळातून डिस्चार्ज, माणूस घरी, आणि दोन दिवसांत परत गुत्त्यावर. घरच्यांना वाटायचं की याला सुधारायचंच नाही. डॉक्टरही कंटाळायचे.

सुनंदाबाईंनी ओळखलं की खरं काम या दहा दिवसांनंतर सुरू होतं. व्यसनी माणसाचं शरीर रिकामं होतं, पण त्याच्यापाशी जगायला काही उरलेलं नसतं. नोकरी गेलेली, शब्दाला किंमत नाही, बायको बोलत नाही, पोरं घाबरतात. सकाळी उठून करायचं काय हेच त्याला माहीत नसतं, कारण कित्येक वर्षं त्याचा अख्खा दिवस एकाच कामात गेलेला असतो. पैसे मिळवायचे, माल मिळवायचा, ओढायचा किंवा प्यायचा. ते काम काढून घेतलं की दिवस मोकळा पडतो, आणि मोकळा दिवस त्याला परत तिथेच नेतो.

म्हणून मुक्तांगण इस्पितळासारखं न चालवता घरासारखं चालवलं गेलं. आज तिथला कार्यक्रम साधारण ३५ दिवसांचा आहे. पहिले काही दिवस औषधं आणि विश्रांती. मग ठरलेल्या वेळी उठणं, व्यायाम, योग, प्रार्थना, साफसफाई, गटात बसून बोलणं, समुपदेशन, खेळ, गाणी. कुणाला ही शाळेची दिनचर्या वाटेल. पण ज्याने दहा वर्षांत सकाळ शुद्धीत बघितली नाही, त्याच्यासाठी वेळेवर उठून अंगण झाडणं ही मोठी कमाई असते. आपण पिकवणाऱ्या लोकांनी हे लगेच ओळखावं. पडीक रान नांगरून लगेच पीक येत नाही, आधी त्याला वळण लावावं लागतं.

आणखी एक गोष्ट. तिथे माणसाला पापी किंवा गुन्हेगार म्हणून वागवायचं नाही, हा दंडक सुनंदाबाईंनी पहिल्यापासून ठेवला. व्यसन हा आजार आहे आणि आलेला माणूस हा आजारी माणूस आहे. मारझोड नाही, अपमान नाही. पण लाडही नाहीत. नियम सगळ्यांना सारखे, मग तो बागाईतदाराचा पोरगा असो की हमालाचा. सगळे पेशंट त्यांना मॅडम म्हणायचे. या बाई आपल्यावर ओरडल्या तरी आपल्याला टाकणार नाहीत, याची त्या पोरांना खात्री होती.

काट्याने काटा काढला

मुक्तांगणातली सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणजे तिथे काम करणारी माणसं. बरे झालेले व्यसनीच तिथे कार्यकर्ते झाले. कुणी वॉर्ड सांभाळायला लागला, कुणी कार्यालय, कुणी शिकून समुपदेशक झाला. आजही तिथल्या कर्मचाऱ्यांत एकेकाळचे पेशंट मोठ्या संख्येने आहेत.

व्यसन्यानेच व्यसन्याला हात द्यायचा, ही कल्पना तशी जुनी. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी दोन दारुडे एकमेकांना भेटले. एक शेअर बाजारातला, दुसरा सर्जन. दुसऱ्या दारुड्याशी मन मोकळं केलं की आपली पिण्याची ओढ कमी होते, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ निघाली, जिला आपण ए. ए. म्हणतो. आपल्याकडेही बऱ्याच शहरांत आणि तालुक्याच्या गावांत तिच्या सभा भरतात. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. सुनंदाबाईंनी हीच गोष्ट एका निवासी घरात आणून रुजवली.

याचा फायदा काय, ते बघा. नवीन आलेला माणूस डॉक्टरला गुंडाळू शकतो, बायकोला गुंडाळतोच, आईला तर रोज गुंडाळतो. पण ज्याने स्वतः वीस वर्षं हेच केलंय, त्याला तो गुंडाळू शकत नाही. आणि दुसरी बाजू याहून मोठी. हा समोर बसलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हसून बोलणारा माणूस कधीकाळी आपल्यासारखाच गटारीत पडलेला होता, हे कळलं की नव्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की आपलंही होऊ शकतं. हजार व्याख्यानांनी जे होत नाही ते एका अशा माणसाच्या दिसण्याने होतं.

आणि जो बरा झालाय त्याचं काय? त्याला पगार मिळाला, जबाबदारी मिळाली, मान मिळाला. कालपर्यंत ज्याच्यासमोर घरच्यांनी पाकीट उघडं ठेवलं नसतं, त्याच्या हातात एका संस्थेचं काम आलं. विश्वास टाकल्याशिवाय माणूस विश्वासू होत नाही. सुनंदाबाईंनी आधी विश्वास टाकला. त्यात धोका होता. काही जण घसरलेही. पण घसरणाऱ्यांच्या भीतीने त्यांनी बाकीच्यांवरचा विश्वास काढून घेतला नाही.

घरची बाईही आजारीच असते

दारू पितो एक, भोगतं अख्खं घर. आपल्याकडे तर उलटंच. नवरा प्यायला लागला की सासू सुनेला बोलते, भावकी तिलाच नावं ठेवते. ती माहेरी जाऊ शकत नाही, पोलिसांत जाऊ शकत नाही. ती उधारी फेडते, मालकाकडे जाऊन खोटं सांगते की यांना ताप आलाय, रात्री दार उघडते, सकाळी परत कामाला जाते. दहा-पंधरा वर्षं असं काढलेल्या बाईचं मन काय राहिलं असेल?

स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्यामुळे सुनंदाबाईंना हे पक्कं माहीत होतं. नवऱ्यावर उपचार करून त्याला तशाच मोडलेल्या घरात परत सोडला तर तो टिकणार नाही. म्हणून मुक्तांगणात घरच्यांनाही बोलावलं जातं, त्यांच्याशी बोललं जातं. पेशंटच्या बायकांचा वेगळा गट आहे, त्याचं नाव सहचरी. तिथे त्या एकमेकींना भेटतात. आपल्या एकटीचंच नशीब फुटलेलं नाही, एवढं कळलं तरी बाईच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

तिथे ज्या गोष्टी शिकवतात त्या आपल्या घरोघरी उपयोगी पडतील अशा आहेत. माणूस प्यालेला असताना त्याच्याशी वाद घालू नका, सकाळी शुद्धीत असताना बोला. त्याची उधारी तुम्ही फेडू नका. त्याच्या वतीने खोटं बोलू नका. त्याच्या चुकीची झळ त्याला लागू द्या. आणि पोरांना मारहाणीपासून दूर ठेवा. हे कठोर वाटतं, पण आपण झाकत राहिलो तर त्याचं व्यसन आपणच पोसत राहतो.

घसरला तरी दार उघडं

व्यसन सुटलं म्हणजे मधुमेह आटोक्यात आल्यासारखं. पथ्य जन्मभर. एक घोट घेतला की माणूस परत पहिल्या जागी जातो. म्हणून ३५ दिवस झाले, उपचार संपला, असं मुक्तांगणात नसतं. त्यानंतर पाठपुरावा असतो. ठिकठिकाणी त्यांची पाठपुरावा केंद्रं चालतात, तिथे माणसं येऊन भेटत राहतात. एक वर्ष, दोन वर्षं व्यसनाशिवाय काढली की त्याचा वाढदिवस साजरा होतो. पन्नाशीतला माणूस आपला पहिला वाढदिवस साजरा करतो आणि शेजारी बायको डोळे पुसत उभी असते. ज्याने हे घरात भोगलंय त्याला या वाढदिवसाची किंमत कळेल.

आणि जो घसरला तो? त्यालाही परत घेतात. आपण काय करतो? एकदा सोडून परत प्यायला लागला की गावभर बोभाटा. कुत्र्याचं शेपूट वाकडंच, असं म्हणून मोकळे. हिवताप पुन्हा आला म्हणून आपण कुणाला हसतो का? मग या आजाराला का हसावं, एवढा साधा प्रश्न सुनंदाबाईंच्या कामातून आपल्यापुढे येतो.

स्वतःच्या दुखण्यातही काम

हे सगळं चालू असताना सुनंदाबाईंना स्तनांचा कर्करोग झाला. घरात दोन मुली, अंगावर संस्था, आणि हे दुखणं. या आजाराचा त्यांनी धीराने सामना केला आणि झेपेल तोवर काम करत राहिल्या. रोज मरणाच्या गोष्टी करणारी, जगायचं कशाला म्हणणारी माणसं त्यांच्या समोर बसायची. आणि आपल्यापेक्षा मोठं दुखणं घेऊन या मॅडम आपल्यासाठी येतात, हे त्यांना दिसायचं. त्याहून वेगळा उपदेश करायची गरज नव्हती.

१९९७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

मोठा माणूस गेला की त्याची संस्थाही जाते, असा आपल्याकडचा अनुभव आहे. दूध संस्था बघा, पतसंस्था बघा. मुक्तांगणाचं तसं झालं नाही. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे काम हाती घेतलं. अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले, तोवर तेही पेशंटांत मिसळून राहिले. केंद्र आता येरवड्यातच आळंदी रस्त्याला मोहनवाडीत आहे. पुढे बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग झाला, कारण व्यसन बायकांनाही लागतं आणि त्यांना तर कुणी दारात उभं करत नाही. संस्था टिकली याचं खरं कारण मला वाटतं हे, की ती एका बाईच्या जिवावर न राहता बऱ्या झालेल्या माणसांच्या हातात गेली होती. ती माणसं तिथे नोकरी करत होती तशीच स्वतःला सांभाळतही होती.

आपल्या गावाचं काय?

आता आपल्याकडे वळू. आपल्या तालुक्यात गर्द नाही म्हणून खूश व्हायचं कारण नाही. देशी आहे, हातभट्टी आहे, ढाब्यावरची क्वार्टर आहे. वरातीत नाचायला पाहिजे, निवडणुकीत फुकट पाहिजे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहिजे, दहाव्याला गेलेलीही काही मंडळी परत येताना बसतात. उसाचं बिल आलं की बसायचं, कांद्याला भाव मिळाला नाही म्हणूनही बसायचं.

बायकांनी उभं राहून आडवी बाटली केली, दुकान बंद पाडलं, अशी गावं आपल्या राज्यात आहेत. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरला २०१५ साली झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर वाद होत राहतील. पण दुकान बंद झालं तरी ज्याचं शरीर आणि मन आधीच अडकलंय त्याचा प्रश्न उरतोच. तो शेजारच्या गावाला जातो, नाहीतर चोरून मिळवतो. बाटली आडवी करणं हे निम्मं काम. आडव्या पडलेल्या माणसाला उभं करणं हे उरलेलं निम्मं, आणि तिकडे आपलं लक्ष नाही.

समजा आपल्यातला एखादा जाऊन, बरा होऊन परत आला. पुढे? मिरचीचं रोप नर्सरीत कसं जोमात असतं, सावली, वेळेवर पाणी. ते उचलून रानात लावलं की पहिले आठ-दहा दिवस मान टाकतं. त्या दिवसांत पाणी दिलं तर जगतं, नाही दिलं तर गेलं. परत आलेल्या माणसाचं तसंच. आणि आपण काय देतो? जुने मित्र म्हणतात, एकाने काय होतंय. पारावरचे म्हणतात, बघू किती दिवस टिकतोय ते. मजुरीला कुणी बोलावत नाही, सोसायटी उभं करत नाही. मग तो जिथे त्याला मान आहे तिथे जातो, आणि ती जागा गुत्ता असते.

म्हणून काही साध्या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. दारू सोडलेल्याला आग्रह करू नका, चेष्टा करू नका. त्याला काम द्या, थोडी जबाबदारी द्या. गावात दोन-चार जणांनी सोडली असेल तर त्यांनी आठवड्यातून एकदा देवळाच्या ओट्यावर एकत्र बसावं. त्याला संस्थेची, देणगीची गरज नाही.

घरात कुणाला मदत हवी असेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे आधी दाखवा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मनाच्या आजारासाठी टेलिमानसचा नंबर १४४१६. एखाद्या केंद्रात ठेवणार असाल तर ते नोंदणी असलेलं आहे का, डॉक्टर आहेत का, आधी जाऊन बघा. माणसाला साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलंय. जिथे मारतात, बांधतात तिथे माणूस ठेवू नका. आणि न सांगता दारू सोडवा, जेवणात मिसळा, अशा जाहिराती येतात त्यांच्या नादी लागू नका. अशी औषधं पोटात असताना माणूस दारू प्यायला तर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, जीव जाऊ शकतो. औषध असो की उपचार, त्याला सांगून, डॉक्टरला विचारूनच.

डॉ. अनिता अवचट यांनी ना निवडणूक लढवली, ना मोर्चा काढला. सरकारी नोकरी करत, संसार सांभाळत, एका इस्पितळाच्या आवारात त्यांनी टाकलेल्या माणसांसाठी घर उभं केलं आणि त्या घराच्या चाव्या त्याच माणसांच्या हातात दिल्या. प्रत्येक गावाला मुक्तांगण बांधता येणार नाही. पण परत आलेल्या माणसाला चहाला बोलावणं, रानात कामाला घेणं आणि त्याच्या बायकोला दोष न देणं, एवढं तर प्रत्येक गावाला जमण्यासारखं आहे.